पनिशर कुठून वाचायचा, आणि पार्लरमधला गेम आज कुठे मिळतो

प्रश्न दोन आहेत. जॉन बर्नथलची मालिका पाहून पनिशर (मार्व्हल कॉमिक्समधलं पात्र, खरं नाव फ्रँक कॅसल) आवडला, तर मूळ कथा कुठल्या अंकापासून वाचायची? आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळायचो तो 'पनिशर' आज रीतसर मिळतो का? तुम्ही न विचारलेला २००५ चा 'पनिशर' गेमही सोबत जोडतोय, कारण मालिकेतला फ्रँक ज्याला आवडला त्याला तोच जास्त भावेल.

पहिला अंक म्हणजे मूळ कथा, हे आधी डोक्यातून काढा. फ्रँक कॅसल प्रथम आला 'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक १२९ मध्ये, फेब्रुवारी १९७४. लेखन गेरी कॉनवे, चित्रं रॉस अँड्रू. त्यात तो जवळजवळ खलनायकच आहे: स्पायडर-मॅनने नॉर्मन ऑस्बॉर्नचा खून केलाय असं समजून जॅकल या खलनायकाच्या नादाने त्याच्या जिवावर उठलेला. सेंट्रल पार्कमध्ये झालेली बायको-मुलांची हत्या, यातलं अवाक्षर त्या अंकात नाही. ते आलं १९७५ मध्ये, 'मार्व्हल प्रिव्ह्यू' अंक २ मध्ये. हे कृष्णधवल मासिक होतं आणि रंगीत कॉमिकना लागू असलेला कॉमिक्स कोड (मजकुरावरची सेन्सॉरछाप नियमावली) त्याला लागू नव्हता, म्हणून कुटुंबाच्या हत्येसारखा मजकूर तिथे मोकळेपणाने छापता आला.

नाव आधी 'असॅसिन' ठरत होतं, 'पनिशर' सुचवलं स्टॅन लीने. कॉनवेच्या कच्च्या रेखाटनात छातीच्या एका बाजूला छोटीशी कवटी होती. चित्रकार जॉन रोमिटा (थोरले) यांनी ती अख्ख्या छातीभर पसरवली आणि तिचे दात पार पट्ट्यापर्यंत खाली ओढले. नीट बघा, ते दात म्हणजे काडतुसांचे कप्पे आहेत. एवढ्या एका बदलावर हे पात्र पन्नास वर्षं टी-शर्टांवर टिकलंय, असं माझं मत.

या दोन अंकांनंतर थेट १९८६ च्या मर्यादित मालिकेवर या: लेखन स्टीव्हन ग्रँट, चित्रं माईक झेक. यात एक गोची आहे. मुखपृष्ठावर 'चार अंकांची मालिका' असं छापलंय, प्रत्यक्षात निघाले पाच. त्यामुळे चार अंकांचा गठ्ठा 'पूर्ण सेट' म्हणून सर्रास विकला जातो. पाचवा मागून घ्या, नाहीतर शेवटच हातात येत नाही. त्यानंतर २००० सालची गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन यांची बारा अंकांची कथा. मधलं नव्वदीचं दशक सोडलंत तरी काही बिघडत नाही.

मुंबईत किंग्ज सर्कल किंवा फाउंटनच्या फूटपाथवर कुणी '१२९ ओरिजिनल' म्हणून पुढे केला तर आधी किंमत बघा: मूळ अंकावर २० सेंट छापलंय. 'मार्व्हल टेल्स' अंक २०९ (१९८८) मध्ये हीच कथा पुन्हा छापली होती. वाचायला ती उत्तम, पण मूळ अंकाचे पैसे तिला देऊ नका. मग मधलं पान उघडून पिना तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात त्या आधी गंजतात, गंज कागदात उतरतो आणि पान पिनेपाशीच सुटतं. वरून अंक कोरा करकरीत दिसला तरी भुलू नका.

आता पार्लरचा गेम. तो कॅपकॉमचा, १९९३ चा. 'मुस्तफा' म्हणून आपल्याकडे गाजलेला डायनासोरवाला गेम त्याच वर्षी त्याच कंपनीने काढला, म्हणून दोघांचा हात सारखाच लागतो. दोन खेळाडू, फ्रँक आणि निक फ्युरी, शेवटचा खलनायक किंगपिन. बटणं दोनच, मार आणि उडी. दोन्ही एकदम दाबलीत तर भोवतालचे सगळे उडतात, पण तुमचीही लाइफ कापली जाते. बहुतेकांची कॉइनं इथेच संपायची. घोळक्यात अडकलात तरच ती चाल वापरा. समोरचे बंदुका घेऊन आले की फ्रँक आपोआप पिस्तूल काढतो. तेवढ्या वेळात मारामारीच्या भानगडीत न पडता लांबून गोळ्या चालवा.

हा गेम आज 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन' या संचात रीतसर मिळतो, सप्टेंबर २०२४ पासून पीसी, पीएस ४ आणि स्विचवर. संचातले बाकी सहा गेम समोरासमोरच्या फायटिंगचे, हा एकटाच बीट-एम-अप, म्हणजे घोळक्याशी हाणामारी करत पुढे जायचा. संच आला तेव्हा साती गेममध्ये मिळून एकच क्विक सेव्ह (खेळ मध्येच जतन करायची जागा) होता, म्हणजे दुसऱ्या गेममध्ये सेव्ह केलंत की पनिशरचा पुसला. म्हणून आधी एक गेम संपवा, मग दुसरा. सेगा जेनेसिस या जुन्या घरगुती कन्सोलवरच्या आवृत्तीच्या नादी लागू नका. पडद्यावर शत्रू कमी दिसतात आणि मजा त्या गर्दीतच आहे.

२००५ चा गेम व्हॉलिशन या कंपनीचा. लेखन एनिस आणि जिमी पाल्मियोटी यांचं, आवाज २००४ च्या सिनेमातल्या पनिशरचा, थॉमस जेनचा. गाभा गोळीबारात नाही, उलटतपासणीत आहे. माणूस धरायचा आणि दाब एका पट्टीत ठेवायचा: कमी पडला तर तो बोलत नाही, जास्त झाला तर मरतो. मेला की गुण कापले जातात आणि त्याच गुणांवर शस्त्रं सुधारता येतात. थोडक्यात, पनिशरच्या गेममध्ये हात आवरण्याचे पैसे मिळतात! डोक्यावर कवटीचं चिन्ह दिसणाऱ्याला आधी पकडा, माहिती त्याच्याकडे असते. काही प्रसंगांत चित्र मध्येच कृष्णधवल होतं. तो डिस्कचा दोष नाही, अमेरिकेत 'फक्त प्रौढांसाठी' हा शिक्का टाळायला केलेली तडजोड आहे.

पीएस २ वर खेळणार असाल तर डिस्क पाल (PAL, युरोप आणि आपल्याकडची टीव्ही पद्धत) आहे का ते बघून घ्या. आपल्याकडे अधिकृत विकलेल्या कन्सोलवर, त्याचं कुलूप चिप बसवून फोडलेलं नसेल तर, अमेरिकन डिस्क चालत नाही. आणि जुन्या कंट्रोलरची अंगठ्याने हलवायची काडी सैल असेल तर तो आधी बदला. दाबाची सगळी मदार तिच्यावर आहे, काडी आपोआप सरकायला लागली की पट्टी हातात राहत नाही आणि प्रत्येक माणूस बोलायच्या आधीच मरतो.