कॉलेजसाठी पहिला स्मार्टफोन घ्यायचाय, बजेट तेरा-चौदा हजार. नेमकं काय बघायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली, आता कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू होतील, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागेल असं वाटतंय. आत्तापर्यंत घरात पप्पांच्याच फोनवर सगळं चालायचं. आता स्वतःचा पहिला फोन घ्यायचाय. मामा म्हणतात कॅमेरा बघ, मैत्रीण म्हणते हप्त्यावर आयफोनच घे, दुकानदार म्हणतो गेमिंगचा प्रोसेसर घ्या. ऐकायचं कुणाचं?

माझं सांगलीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. नवे फोन मी विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीच्या कमिशनचा प्रश्न नाही. आणि विकणारा फोन बघतो तो खोक्यातून काढताना; माझ्या टेबलावर तो येतो दीड-दोन वर्षांनी, सगळे हाल सोसून. म्हणून माझं उत्तर जरा वेगळं येईल. तू शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टच्या गडबडीत असशील तेव्हाही हा फोन नीट चालला पाहिजे, एवढ्याच हिशोबाने मी सांगतोय. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी स्टोरेज. १२८ जीबीच्या खाली अजिबात जाऊ नकोस. ६४ जीबीचा फोन हजार-बाराशेने स्वस्त दिसतो, पण त्यातली बरीच जागा फोनची स्वतःची सिस्टीमच खाते. वर्गाचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, होस्टेलचा ग्रुप, प्रत्येकात नोट्सच्या पीडीएफ आणि लेक्चरचे व्हिडिओ. वर्षभरात फोन गच्च भरतो. भरला की हळू होतो, अपडेट घ्यायला जागा उरत नाही, आणि मग मंडळी माझ्याकडे येऊन म्हणतात, "दादा, फोन हँग होतोय, सॉफ्टवेअर मारून द्या." सॉफ्टवेअर मारून काही होत नाही, जागाच नसते. मेमरी कार्डावर फोटो-व्हिडिओ जातात, पण ॲप आणि त्यांचा डेटा फोनमध्येच राहतो.

रॅम ६ जीबी बघ. खोक्यावर "६+६" किंवा "८+८" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यातला अधिकच्या पुढचा आकडा सोडून दे. ती खरी रॅम नाही, तुझ्याच स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे आणि ती बरीच हळू असते. ४ जीबी रॅमचा फोन आज दुकानात छान पळतो, दोन वर्षांनी बँकेचं ॲप उघडताना मागचं सगळं बंद करतो. जमलं तर स्टोरेजचा प्रकारही बघ. यूएफएस २.२ लिहिलं असेल तर उत्तम. ईएमएमसी असेल तर ॲप टाकताना आणि अपडेट घेताना फोन रेंगाळतो.

आता डिस्प्ले. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं निम्मं दुकान यावरच चालतं.

आमच्या धंद्यात काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो एक तुकडा येतो त्याला फोल्डर म्हणतात. विद्यार्थ्यांचे फोन येतात ते बहुतेक फोल्डरसाठीच. जिन्यावर पडला, बसमधून उतरताना पडला, बंक बेडच्या वरच्या मजल्यावरून पडला. डिस्प्ले दोन प्रकारचे, साधा एलसीडी आणि महागडा ॲमोलेड. एलसीडीचा फोन पडला तर काच तडकते, पण बऱ्याचदा खाली दिसत राहतं. टच थोडाफार चालतो, ओटीपी वाचता येतो, दोन दिवस ढकलता येतात. ॲमोलेड पडला आणि आतला पॅनेल फुटला की कोपऱ्यात काळा-जांभळा ठिपका येतो. सकाळी नखाएवढा असतो, संध्याकाळपर्यंत शाईसारखा अर्ध्या स्क्रीनवर पसरलेला. मग फोन वाजतो, व्हायब्रेट होतो, पण दिसत काही नाही. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी असते, हा माझ्या दुकानातला अलिखित नियम आहे.

खर्चाचं सांगायचं तर साध्या एलसीडीचं फोल्डर मजुरीसकट दीड ते अडीच हजारांत बसतं. ॲमोलेडचं ओरिजिनल त्याच्या दुपटी-तिपटीने जातं. कधी कधी आकडा ऐकून लोक जुना फोन तसाच खिशात घालून परत जातात. बाजारात ॲमोलेडच्या जागी बसणारी स्वस्त एलसीडी फोल्डरंही मिळतात, त्यांना आम्ही इन्सेल किंवा टीएफटी म्हणतो. ती जाड असतात, उन्हात कमी दिसतात, आणि स्क्रीनमधला फिंगरप्रिंट त्यावर चालत नाही. फोन देताना हे सांगायचं असतं. सगळे सांगत नाहीत.

ॲमोलेड वाईट नाही. रंग सुंदर दिसतात, काळा खरोखर काळा दिसतो. पण तेरा-चौदा हजारांच्या फोनला पाच-सहा हजारांचं फोल्डर हा व्यवहार मला पटत नाही. तुझ्या बजेटमध्ये चांगला एलसीडी आणि बाजूच्या पॉवर बटणात फिंगरप्रिंट, हे मी डोळे झाकून निवडीन. कडा वळवलेला कर्व्ह डिस्प्ले तर कुणी भेट दिला तरी दोनदा विचार कर, त्यावर टेम्पर ग्लास कधीच धड बसत नाही. फुल एचडी प्लस मिळाला तर पीडीएफमधली सर्किटची बारीक अक्षरं नीट दिसतील. पण त्यासाठी स्टोरेज कमी करू नकोस. १२० हर्ट्झ वगैरे, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते ते, डोळ्यांना बरं वाटतं, इतकंच.

यानंतर अपडेट. हे दुकानात कुणी विचारतच नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅच किती वर्षं मिळणार, हे बऱ्याच कंपन्या आता सांगतात. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स फार जुन्या अँड्रॉइडवर चालायची बंद होतात, त्यामुळे हा मुद्दा हौसेचा नाही. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये गॅलॅक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले, आणि २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या त्याहून स्वस्त गॅलॅक्सी ए०६ ५जीला चार वर्षांचे. म्हणजे कमी किमतीतही हे शक्य आहे. बऱ्याच कंपन्या या किमतीला अँड्रॉइडच्या दोनच आवृत्त्या देऊन हात झटकतात. आणि एक मेख लक्षात ठेव: ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तू घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सेलमध्ये दोन हजारांनी स्वस्त मिळालं, तर तेवढं आयुष्य आधीच गेलेलं असतं.

५जी घ्यायचा का? घे, चार वर्षांसाठी घेतेयस. पण खोक्यावर नुसतं ५जी लिहिलंय म्हणून भुलू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी आला, ८,४९९ रुपयांपासून. किमतीच्या मानाने फोन ठीक होता, पण त्यात फक्त स्टँडअलोन (एसए) प्रकारचं ५जी होतं. जिओचं ५जी त्या प्रकारचं, त्यामुळे तिथे चाललं. एअरटेलचं तेव्हा मुख्यतः नॉन-स्टँडअलोन (एनएसए), म्हणजे ४जीच्या आधारावर उभं. एअरटेलचं कार्ड घातलेल्यांना ५जी फोनमध्ये ४जीच दिसायचं आणि ते मला विचारायचे की ॲन्टेना गेला का. तेव्हा कंपनीच्या वेबसाईटवर एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं आहे का बघ. आणि होस्टेलच्या खोलीत कुठल्या कार्डाला रेंज येते ते तिथल्या सीनियर मुलींना विचार, जाहिरातीला नको.

कॅमेऱ्याबद्दल मामांना सांग की एकच मुख्य कॅमेरा बरा असला की झालं. मागे तीन-चार गोल दिसतात, त्यातले दोन बहुधा दोन मेगापिक्सेलचे शोभेचे असतात. तुला फोटो काढायचेत ते फळ्याचे, जर्नलचे, मार्कशीटचे. दुकानात पेपर मागून घे, ट्यूबलाईटखाली पूर्ण पानाचा फोटो काढ आणि मोठा करून छोट्या जाहिराती वाचता येतात का बघ. वाचता आल्या तर कॅमेरा पास.

बॅटरी आता या किमतीत सगळ्यांचीच पाच हजार एमएएच किंवा जास्त असते, त्यात डोकं घालू नकोस. खोक्यात चार्जर आहे का तेवढं विचार, हल्ली बऱ्याच फोनमध्ये नसतो. आणि वर्षभराने चार्जिंग लागेना झालं तर लगेच पिन बदलायला धावू नकोस. फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात आत बघ. जीन्सच्या खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने अलगद काढला की केबल टक्‌कन बसते. याचे मी पैसे घेत नाही, पण घेणारे आहेत.

आयफोनचं काय. तुझ्या बजेटमध्ये नवा येत नाही, म्हणजे हप्ता किंवा सेकंड हँड. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बिनव्याजी असं कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज असतं, ते सवलत दाखवून झाकलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. शिवाय कर्ज पप्पांच्या नावावर निघणार. हप्ता चुकला की त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो, आणि काही फायनान्सवाले फोनमध्ये असं ॲप टाकून देतात की हप्ता थकला की फोनच लॉक. उद्या त्यांना पीक कर्ज किंवा घराचं कर्ज काढायचं झालं तर बँक तोच सिबिल बघणार. मैत्रिणीला नाराज केलंस तरी चालेल.

सेकंड हँड घेणारच असशील, तर मूळ बिलाशिवाय नाही. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग स्पेस, मग तो नंबर टाकून १४४२२ वर पाठव. किंवा सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर तपास. ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर किंमत कितीही कमी असू दे, हात जोड आणि नीघ. नवा घेतानाही खोक्यावरचा, फोनमधला आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, ते काउंटरवरच बघ. बिल पक्कं घे. फोनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि "बिलाशिवाय पाचशे कमी" म्हणणारे भेटतात. पण बिल नसेल तर वॉरंटीत भांडताना अडतं आणि फोन चोरीला गेल्यावर ब्लॉक करतानाही अडतं.

सेलची वाट बघावी का, असंही तू विचारलंयस. महिनाभर बघ, त्याहून जास्त नको. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपा महागल्यात, डेटा सेंटरवाले उचलतायत म्हणून, आणि स्वस्तातल्या फोनना त्याचा फटका जास्त बसलाय. थांबलं की स्वस्त होतं, हा जुना अनुभव सध्या लागू नाही.

एक गोष्ट फोनची नाही, पण यात मुलांचं फार नुकसान होतं. नवा फोन आला की नवं कार्ड येतं. सीईटी आणि कॅपच्या नोंदणीला जो नंबर दिलाय, बहुधा पप्पांचाच, तो राउंड संपून ॲडमिशन पक्की होईपर्यंत चालू ठेव आणि हाताशी ठेव. पप्पा गावाकडे, तू पुण्यात, ओटीपी त्यांच्या फोनवर आणि ते रानात रेंजबाहेर, ही तऱ्हा नको. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तेव्हा पुढे सवडीने आधार केंद्रात जाऊन तुझा स्वतःचा नंबर जोडून घे. डिजिलॉकर त्यानंतर उघड.

पैशाची विभागणी मी अशी करीन: फोन साडेबारा ते तेरापर्यंत, उरलेल्यात चार कोपरे जाड असलेलं साधं रबरी कव्हर, टेम्पर ग्लास, आणि खोक्यात नसेल तर त्याच कंपनीचा चार्जर. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, सहा महिन्यांत ते बाजारातून गेलेलं असतं. ६/१२८, एलसीडी, बाजूला फिंगरप्रिंट, ५जीचे दोन्ही प्रकार आणि लाँचपासून चार वर्षांचे अपडेट, या चाळणीतून दोन-तीनच फोन उरतील. ते कुठले ते इथेच कमेंटमध्ये लिही. त्यांची फोल्डरं बाजारात मिळतात का आणि कितीला बसतात, ते मी होलसेलवाल्याला विचारून सांगतो.