ब्रिटनमध्ये गुरांची प्रॅक्टिस करायची तर

डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी बघताय आणि आता ब्रिटनला यायचंय. परीक्षेशिवाय काय तयारी करू, असं विचारलंत.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. आपली बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकीची पदवी रॉयल कॉलेज, म्हणजे इथली पशुवैद्यकांची नोंदणी करणारी संस्था, थेट धरत नाही. आधी इंग्रजीची चाचणी, आयईएलटीएसला ७, मग लेखी, मग प्रात्यक्षिक. कुत्री-मांजरं आणि घोडेही येतात. घोड्याला कधी हात लावला नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

खरी गंमत पुढे आहे. हात तेच राहतात, पण निदान करताना कुठला रोग आधी आठवायचा तो क्रम बदलतो. १०५ ताप, गाठी सुजलेल्या, अंगावर गोचीड दिसले की आपण थायलेरिया, म्हणजे गोचीडातून होणारा ताप, धरून त्यावरचं बूपार्वाक्वोन काढतो. इथे ती शंका सहसा येतच नाही. (थर्मामीटरही सेल्सिअसचा, ४०.५ म्हणजे आपले १०५.) होल्स्टीन जातीची दुभती गाय व्याली आणि दोन-तीन आठवड्यांत खुराक सोडला, दूध उतरलं, तर आपल्या मनात आधी चाऱ्यातून पोटात गेलेला तार-खिळा. इथे आधी डाव्या बरगड्यांवर टिचकी मारत स्टेथोस्कोपने ऐकायचं. पत्र्यावर वाजावं तसा टण् आवाज आला तर चौथं पोट डावीकडे सरकलेलं असण्याचा संशय घ्यायचा, आणि कीटोसिसही, म्हणजे व्याल्यावर ऊर्जा कमी पडून होणारा आजार, तपासायचा.

लाळ्या-खुरकूताचं तर पूर्ण उलटं. आपण तोंड धुऊन, बोरोग्लिसरीन लावून पुढच्या गोठ्यात जातो. इथे लाळ गळतेय, लंगडतेय, तोंडात फोड आहेत असं दिसलं की तिथूनच सरकारी पशुवैद्यकांना फोन. कायद्यानं बंधन आहे, आणि ते सांगतील तोवर गोठा सोडायचा नाही. २००१ च्या साथीत इथे साठ लाखांवर जनावरं मारली गेली, शेतकरी ते विसरलेले नाहीत.

क्षयाची चाचणी हा पुष्कळ भागांत रोजचा उद्योग. मानेवर दोन टोचण्या, वर पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून केलेलं ट्यूबरक्युलिन, खाली गाईंच्या. ७२ तासांनी कॅलिपरनं कातडीची जाडी मोजायची. खालची गाठ वरच्यापेक्षा ठरल्याहून जास्त मोठी निघाली की धडधाकट दिसणारी गाय कत्तलीला जाते, आणि हे मालकाला तुम्हीच सांगायचं. माझ्या मते इथलं सगळ्यात अवघड काम हेच.

मेंढ्यांचं बाळंतपणही शिकून या. वसंतात रात्री-अपरात्री फोन येतात. आणि गाडी चालवण्याचा सराव हवाच, भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं.