बीटल्सचा जुना फोटो : कागद जुना की नुसते चित्र?

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून मी ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचा कृष्णधवल फोटो घेतला. तो १९६४ सालचा मूळ प्रिंट असून रिस्टोअर (दुरुस्त) केलेला आहे, असे विक्रेत्याने सांगितले. फोटोवर मधोमध घडीची पांढरी रेघ दिसते, परंतु बोट फिरवले तर काहीच लागत नाही. शिवाय बँडमधील पॉल मॅकार्टनी त्यात बेस गिटार उजव्या हाताने वाजवताना दिसतो. हा प्रिंट खरोखर जुना आहे का, आणि तो दिवाणखान्यात लावावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण बोट फिरवून पाहिलेत, तेथेच निम्मे उत्तर मिळाले आहे. घडी पडली की कागदावरचा जिलेटिनचा थर तडकतो आणि ती चीर नखाला जाणवते. आपल्या फोटोतील रेघ केवळ डोळ्यांना दिसते, त्याअर्थी घडी दुसऱ्याच प्रिंटवर होती आणि तिच्यासकट त्याची नवी प्रत काढली गेली, असे मला वाटते. खात्रीसाठी घड्याळजीकडचे भिंग लावून चेहऱ्याचा करडा भाग पाहावा. डार्करूममध्ये, म्हणजे अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून केलेल्या प्रिंटमध्ये छटा सलग उतरतात. शाईचे सुटे, विस्कळीत थेंब दिसले तर तो इंकजेट प्रिंटरवर काढलेला, आणि ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर छापखान्यातील छपाई समजावी. फ्रेम उघडून पाठही तपासावी, कारण प्लास्टिकचा थर दिलेला कागद कृष्णधवल प्रिंटसाठी सर्रास वापरात आला तो १९७० नंतर. मात्र कडांजवळच्या काळ्या भागात तिरप्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसली, तर ती डाग समजून पुसू नये. जुन्या प्रिंटमधील चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण असते.

मॅकार्टनी डावखुरा आहे, तेव्हा आपल्याकडील चित्र उलटे छापले गेले आहे. ड्रम दिसत असेल तर त्यावरील अक्षरेही उलटी असतील. निगेटिव्ह उलटी लावल्यास डार्करूममध्येही असे घडते, म्हणून एवढ्यावरून कागदाचे वय ठरत नाही. परंतु त्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेस गिटारमुळे जगभर ओळखल्या जाणाऱ्या वादकाचा हात बदलून टाकणे, ही प्रिंट काढणाऱ्याची गंभीर चूक आहे आणि विक्रेत्याला ती स्पष्टपणे सांगावी. मूळ प्रिंट म्हणून जास्त पैसे घेतले असतील, तर ते परत मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

फोटो आवडला असेल तर नवी प्रतही आनंदाने लावावी. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हाने तापणारी पश्चिमेकडची भिंत टाळावी आणि पावसाळ्यात ओल धरणारीही. काच प्रिंटला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्यावा. लॅमिनेशन मात्र कदापि करू नये. तपासणीत कागद जुना निघालाच, तर मूळ प्रिंट आम्लरहित पाकिटात घालून कपाटात ठेवावा आणि भिंतीवर त्याची सुलट करून घेतलेली प्रत लावावी.