शेव्हेल उंच करताना: आधी चाकाची चाल, मग उंची

तुमच्याकडे 1970 ची दोन दारांची शेव्हेल (शेव्हरोले कंपनीची अमेरिकन गाडी) आहे, तिच्यात 350 घन इंचांचे व्ही-8 इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि ती सहा इंच उचलून 33 इंची टायरांवर कच्च्या रस्त्यांसाठी तयार करण्याचा तुमचा विचार आहे. त्यासाठी स्प्रिंगांना स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) लावावेत की सगळी बॉडी फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या चासीवर चढवावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे, की या गाडीसाठी दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. योग्य स्प्रिंगांनी साधारण दोन इंच उंची, 29 इंचांच्या आसपासचे टायर, लांब शॉक अब्सॉर्बर आणि पोटाखाली जाड पत्र्याचे संरक्षण एवढ्यावर ही गाडी दगडगोट्यांच्या, खाचखळग्यांच्या वाटेवर आश्चर्य वाटावे इतकी चांगली चालते.

हे काम मुळातच वेडेपणाचे आहे असे कोणी सांगितले तर मनावर घेऊ नका. 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात मेक्सिकन 1000 ही शर्यत सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांतच शर्यतीच्या गाड्या बांधणारे विक हिकी यांनी तयार केलेली ओल्ड्समोबिल 442 घेऊन अभिनेते जेम्स गार्नर त्या वाळवंटात उतरले. 442 आणि शेव्हेल या दोन्ही जनरल मोटर्सच्या एकाच ए-बॉडी (मध्यम आकाराच्या, सारख्या बांधणीच्या गाड्यांच्या) घराण्यातल्या आहेत. म्हणजे पाया चांगला आहे. आपण त्याच्याकडून काय मागतो, एवढाच प्रश्न आहे.

आता स्पेसरचे पाहू. पुढच्या बाजूला स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसते, त्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळजवळ दोन इंचांची उंची देतो, आणि म्हणूनच हा उपाय इतका स्वस्त आणि मोहक वाटतो. पण स्पेसरने चाकाची एकूण चाल एका केसानेही वाढत नाही; गाडी त्या चालीत कुठे उभी राहते, तेवढेच बदलते. उदाहरणादाखल धरा, की चाकाला वर जाण्यासाठी चार इंच आणि खाली उतरण्यासाठी तीन इंच जागा आहे. गाडी दोन इंच उचलली की खाली उतरायला एकच इंच उरतो, आणि तीन इंच उचलली की काहीच उरत नाही. मग खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, वरचा आर्म स्टॉपवर आदळतो, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा) आपल्या कोनाच्या शेवटाला अडकतो आणि टायर हवेत राहतो. खडबडीत वाटेवर पकड मिळते ती चाक जमिनीला चिकटून राहिल्यामुळे, त्यामुळे अशी गाडी उंच दिसली तरी मुळापेक्षा वाईट चालते.

माझ्या स्वतःच्या ए-बॉडीवर मी सुरुवातीला स्पेसरच लावले होते. एका ओढ्याच्या काठावरून उतरताना पुढचे एक चाक पूर्ण खाली लोंबले आणि ब्रेकचा रबरी होज तारेसारखा ताणला गेला. तो तुटला नाही, पण घरी येऊन चाक काढल्यावर त्याच्या टोकाशी पडलेल्या चिरा दिसल्या. तेव्हापासून माझा नियम आहे, की गाडी जॅकवर घेऊन चारही चाके पूर्ण लोंबती ठेवायची, पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायची, आणि प्रत्येक होज, वायर व स्टॅबिलायझरची लिंक सैल आहे याची खात्री झाल्याशिवाय टायर जमिनीला टेकवायचे नाहीत.

म्हणून पुढे जाड तारेच्या, थोड्या उंच स्प्रिंगा घ्या; स्टेशन वॅगनसाठी किंवा वजनदार बिग-ब्लॉक इंजिनासाठी बनलेल्या स्प्रिंगा छोट्या इंजिनाखाली घातल्या की गाडी आपोआप उंच उभी राहते. त्यांच्यासोबत जास्त लांबीचे बॉल जॉइंट आणि नवीन चालीला पुरतील असे शॉक बसवा. अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. या गाडीत ती वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या शिमांनी (पातळ पट्ट्यांनी) होते, आणि शिम संपले तरी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जुळत नसेल तर आपण मर्यादेबाहेर उंची घेतली आहे असे समजावे. टाय रॉड (चाके वळवणारे स्टिअरिंगचे दांडे) किती तिरके झाले, तेही पाहा. त्यांचा कोन कंट्रोल आर्मच्या कोनापासून फार दुरावला, तर प्रत्येक धक्क्याला चाके स्वतःहून थोडी वळतात आणि स्टिअरिंग हातात ठरत नाही.

मागच्या बाजूला चार ट्रेलिंग आर्म (मागचा अॅक्सल धरून ठेवणारे दांडे) आहेत, त्यांतले वरचे दोन आखूड आणि तिरपे. गाडी उचलली की आखूड आर्म लांब आर्मपेक्षा जास्त फिरतात, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) नाकाचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट कंप पावू लागतात. यावर लांबी बदलता येणारे वरचे आर्म हाच खरा उपाय आहे. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन एकमेकांशी जुळलेले आणि साधारण तीन अंशांच्या आत राहतील असे बघा.

स्प्रिंगांनी बॉडी उचलली जाते, पण डिफरन्शियलचे भांडे जिथे होते तिथेच राहते; त्याच्याखालची जागा फक्त मोठ्या टायरने वाढते. मूळचा टायर सुमारे 26 इंच व्यासाचा आहे. 235/75 आर 15 या मापाचा टायर जवळजवळ 29 इंच भरतो, म्हणजे डिफरन्शियल दीड इंचाच्या आसपास वर येते. त्याचा परिणाम गिअरिंगवर होतो: 3.31 चा मागचा गिअर (म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या 3.31 फेऱ्या) असेल तर तो 2.97 असल्यासारखा वागू लागतो, आणि 3.73 चा बसवला की मूळ ताकद परत मिळते. 33 इंची टायरवर तोच 3.31 थेट 2.61 वर घसरतो, शिवाय वळताना टायर फेंडरला घासतो आणि पत्रा कापावा लागतो. मूळ कारखान्यातलेच इंजिन आणि गिअरबॉक्स असलेली शेव्हेल असेल, तर तिचा पत्रा कृपया कापू नका. कापलेला पत्रा परत येत नाही. बोल्टने लावलेले सगळे उद्या काढता येते. मागे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ओढ देणारे) मात्र जरूर घाला, कारण वजन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर असलेल्या गाडीत एक चाक सैल झाले की सगळी शक्ती तिथेच वाया जाते.

ट्रकच्या चासीचा विचार मोजमापावरच कोसळतो. तुमच्या गाडीचा व्हीलबेस 112 इंच आहे. 1973 नंतरच्या के5 ब्लेझर या शेव्हरोलेच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा 106.5 आहे, आणि 1967 ते 1972 च्या आखूड के10 पिकअपचा 115. म्हणजे चासी कापून जोडावी लागणार किंवा चाके कमानीच्या मध्यावर बसणार नाहीत. त्याहून मोठी अडचण अशी, की शेव्हेलची चासी फरशीच्या कडेने फिरते आणि बसणाऱ्यांचे पाय तिच्या आत खोल जातात. ट्रकचे दांडे मात्र सरळ फरशीखालून जातात. फरशी, गिअरबॉक्सवरचा बोगदा, स्टिअरिंगचा कॉलम, पेडल, रेडिएटर हे सारे नव्याने बसवावे लागते. हे काम सुंदर होऊ शकते, पण त्याला नवीन वाहन बांधणे म्हणतात, आणि वेल्डिंगचा पुरेसा अनुभव नसेल तर त्यात हात घालू नये.

उंचीचा खरा फायदा किती, तेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. 112 इंचांच्या व्हीलबेसवर पोटाखाली 7 इंच असतील तर उंचवट्यावर पोट टेकण्याआधी सुमारे 14 अंश मिळतात, आणि 10 इंच असतील तर सुमारे 20. म्हणून पोट टेकणार हे गृहीत धरूनच ऑइल पॅन, गिअरबॉक्सचा पॅन आणि मागे लोंबणारी पेट्रोलची टाकी यांच्याखाली जाड पत्रा लावा, आणि सायलेन्सरचे पाइप जितके वर घेता येतील तितके घ्या. हार्डटॉपच्या (पक्क्या छताच्या गाडीच्या) चासीचे बाजूचे दांडे एका बाजूने उघडे असतात, तर कन्व्हर्टिबलचे बंद पेटीसारखे. तुमचे उघडे असतील तर ते बंद करून घेतल्याने पीळ बराच कमी होतो. त्याआधी मागच्या चाकांवरून वर चढणाऱ्या भागात गंज किती आहे, हे हातोडीने ठोकून तपासा. तिथे पत्रा पातळ झाला असेल तर बाकीचे सगळे थांबवा.

इंजिनात फारसे काही करू नका. उंच कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) इथे उपयोगाचा नाही; कमी फेऱ्यांवरची ओढ लागते. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल तर ठेवा, त्याची लहान आणि मधोमध असलेली पेट्रोलची वाटी चढउतारावर चांगली साथ देते. पंख्याभोवतीचे आवरण शाबूत हवे, कारण हळू चालताना हवा केवळ पंख्याचीच असते. आणि पुढे अजून ड्रम ब्रेक असतील, तर टायर बदलण्याआधी डिस्क बसवा, कारण मोठे जड चाक थांबवताना ड्रम लवकर तापतात.

सगळे बसल्यावर पहिले 200 किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवा, मग आर्मचे आणि स्टिअरिंग बॉक्सचे सगळे बोल्ट पुन्हा कसा. फेंडरच्या आत टायर घासल्याच्या खुणा शोधा, आणि त्यानंतरच पहिल्या दगडी वाटेवर, टायरांतली हवा थोडी कमी करून, सावकाश उतरा.