मानेला मानवेल अशी उशी

प्रश्न : सकाळी उठताना माझी मान आखडलेली असते. सावरीच्या कापसाची जुनी उशी टाकून मेमरी फोमची घ्यावी, असा मुलीचा आग्रह आहे. निवड कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचा आग्रह रास्त आहे; मात्र फोमपेक्षा उशीची उंची अधिक महत्त्वाची. आपण कुशीवर झोपत असाल, तर खांद्याच्या कडेपासून मानेपर्यंतची पोकळी भरून निघेल आणि नाक छातीच्या मध्यरेषेत राहील इतकी उंच, म्हणजे साधारण १० ते १२ सेंटीमीटरची उशी लागते. उताणे झोपणाऱ्यांना त्याहून कमी उंचीची पुरते. दुकानात उशी नुसती हाताने दाबून पाहू नका, दहा मिनिटे तिच्यावर डोके टेकून आडवे व्हा, आणि हनुवटी छातीकडे झुकत असेल तर ती निःसंकोच परत ठेवा.

हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेत विमानातील आसनांसाठी तयार झाला. तो शरीराच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे साताऱ्यातील डिसेंबरच्या थंडीत सुरुवातीला कडक लागला, तर तो दोष समजू नये. नव्या उशीचा वास जाईपर्यंत ती काही दिवस हवेशीर सावलीत ठेवावी. गाद्या-उशा गच्चीवर उन्हात टाकण्याची आपली रीत सावरीला उत्तम, पण फोमला ऊनही नको आणि पाणीही नको. अभ्रा तेवढा धुवावा.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटांतील जोर कमी झाला असेल, तर उशीची खरेदी बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.