सवलतीतलं आत्ताचं मॉडेल घ्यावं, की नव्यासाठी थांबावं?

प्रश्न नाशिकच्या एका शिक्षिकेचा आहे. नवरा-बायकोचे मिळून महिन्याला १ लाख १० हजार हातात येतात. दारात २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एफडीत साडेचार लाख आहेत. चार मीटरच्या आतली एक पेट्रोल एसयूव्ही पसंत पडली आहे, एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून, ९ लाख ४० हजार. शोरूमने ८५ हजारांची सवलत सांगितली आहे, पण पाच-सहा महिन्यांत याच गाडीचं नवं रूप येणार अशी चर्चा आहे. वापर वर्षाला ९ हजार किलोमीटर, आणि गाडी दहा वर्षं ठेवायचा विचार. घ्यावी की थांबावं?

ताई, आत्ताची घ्या. कारण मात्र ती ८५ हजारांची सवलत नाही, तुमची दहा वर्षं आहेत. आणि एका बाबतीत मी तुम्हाला थांबायलाच सांगेन, ती पुढे येतेच.

आधी ते ८५ हजार सोडवून पाहू. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये रोख सवलत ५० हजार, एक्स्चेंज बोनस २० हजार, कॉर्पोरेट ५ हजार आणि १० हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज आहेत. जुन्या गाडीला शोरूम १ लाख २० हजार देतंय, बाहेरचा गिऱ्हाईक १ लाख ४५ हजार. म्हणजे बोनस धरूनही तिथे ५ हजारांचा तोटा, तेव्हा गाडी बाहेरच विका. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर बाजारात निम्म्यात मिळतात, आणि यादीतलं सगळं तुम्हाला हवं असतंच असं नाही. ते हिशेबात धरू नका. खरी सवलत उरते ५५ हजार.

तीही विम्यात गळू शकते. शोरूमचा विमा ५२ हजारांचा आहे आणि त्यात तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, धरलेलाच नाही. तुमच्या जुन्या गाडीवर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलाय. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नावावर करून दिली की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या भागावर, लागू होतं. तोच झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापता भरपाई देणारा) विमा तुम्हाला बाहेर ३८ हजारांत मिळतोय. विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती शोरूम करू शकत नाही.

आता थांबण्याची किंमत. नवं रूप आलं की किंमत ६५ हजारांनी वाढून १० लाख ५ हजार होईल, असं धरून चालू. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, त्यापुढे १२ टक्के, आणि हा वाढीव दर फक्त वरच्या ५ हजारांवर नाही, अख्ख्या किमतीवर लागतो. आज १,०३,४०० रुपये भराल, तेव्हा १,२०,६०० भरावे लागतील. शिवाय १० लाखांवर गाडी गेली की १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर), म्हणजे १०,०५० रुपये. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण त्या दिवशी खिशातून द्यावेच लागतात. टीसीएस सोडला तरी, रोड टॅक्स धरून ६५ हजारांची दरवाढ अशी ८२ हजारांवर जाते. हातची ५५ हजारांची सवलत जोडली तर फरक १ लाख ३७ हजारांचा. ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात हा महिन्याला सुमारे २,८५० रुपयांचा जादा हप्ता आहे.

यासमोर काय ठेवायचं? जुन्या रूपाची गाडी विकताना भाव कमी येतो, हे खरं. चार वर्षांनी विकणार असाल तर लाखभराचा फटका मी गृहीत धरेन, आणि तेव्हा नव्या रूपाची किंमत वाढली नसेल तर ५५ हजारांच्या सवलतीत तो भरून निघणार नाही. अशा माणसाला मी थांबायला सांगेन. दहा वर्षांच्या गाडीकडे मात्र गिऱ्हाईक किलोमीटर, टायर, पत्रा आणि इंजिन बघतो. बंपर कुठल्या वर्षीचा आहे, याला तिथे फारसा भाव नसतो.

मायलेजच्या आशेने थांबणाऱ्यांसाठी एक हिशेब. मे २०२४ मध्ये नवी स्विफ्ट आली, चार सिलिंडरऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन. मॅन्युअल गाडीचं कंपनीने सांगितलेलं मायलेज २२.३८ वरून २४.८० झालं, ताकद मात्र कमी झाली. तुमच्या ९ हजार किलोमीटरला वर्षाकाठी साधारण ३९ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला १०४ रुपये धरले तर चार हजार रुपये. तेवढ्यासाठी लाखभर मोजायचे नसतात.

आता ती थांबण्याची बाब: सुरक्षा. नवं रूप म्हणजे नुसते दिवे आणि मोठा स्क्रीन, की ढाचाच वेगळा, हे बघा. नोव्हेंबर २०२४ ची नवी डिझायर ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली मारुती ठरली. अशा बदलासाठी सहा महिने जरूर थांबावं. उलट एप्रिल २०२४ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ची थ्रीएक्सओ झाली, तेव्हा जुन्या गाडीलाही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे होतेच. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) तुम्हाला परवडणाऱ्या व्हेरिएंटमध्ये आहेत का, ते आजच पाहा. नसतील तर माझा सल्ला बदलतो: थांबा, किंवा दुसरी गाडी बघा. घरात मुलं आहेत, इथे पैशाचा हिशेब दुय्यम आहे.

पैसे असे लावा. एफडीतले ३ लाख मोडा, दीड लाख अडीअडचणीला राहू द्या. जुन्या गाडीचे १ लाख ४५ हजार धरले की सवलत वजा करून, टॅक्स आणि विम्यासकट सुमारे ५ लाख ९० हजारांचं कर्ज लागेल. पाच वर्षांना हप्ता साधारण १२,२५०, तुमच्या उत्पन्नात बसणारा. शोरूममध्ये बसलेला बँकेचा माणूस सात वर्षांचं कर्ज पुढे करेल, हप्ता ९,५०० म्हणून. त्यात एकूण ६२ हजार जास्त जातात. ज्या सवलतीसाठी एवढी घासाघीस केली, ती सगळी तिथेच संपते.

जाणाऱ्या मॉडेलची सर्वांत मोठी गोची यार्डातल्या जुन्या स्टॉकची. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बनावटीचा महिना आणि वर्ष छापलं जातं, आणि पुढे भाव त्यावरच ठरतो. गाडी मागच्या वर्षीची निघाली तर आणखी ३०-४० हजार मागा, नाही दिले तर सोडा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. उन्हात महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात आणि ८० च्या वेगाला थरथर जाणवते. बॅटरी तपासल्याचा कागद मागा.

बुकिंगची रक्कम देताना पावतीवर व्हेरिएंट, रंग, बनावटीचा महिना, रोख सवलत आणि 'रद्द केल्यास पूर्ण परत' हे शब्द लिहून घ्या. चेसिस नंबर हातात आल्यावर यार्डात जाऊन तीच गाडी दिवसाउजेडी बघा, आणि त्यानंतरच उरलेले पैसे व नोंदणीची फी भरा. एकदा आरटीओत नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य असतं.