वाचक विचारतात: परदेशी तळांवरची क्षेपणास्त्रे मोडली कशी?

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या आयएनएफ (मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या) करारावर या सदरात लिहिल्यापासून पत्रे येत आहेत. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी या करारावर सह्या केल्या आणि १ जून १९८८ पासून तो लागू झाला. जमिनीवरून डागायची, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची सगळी क्षेपणास्त्रे तीन वर्षांत नष्ट करायची, असे ठरले. बहुतेकांनी राजकारणापेक्षा प्रत्यक्ष कामाबद्दल विचारले आहे, याचे समाधान वाटते. कराराचा खरा कस त्या कामातच लागला.

ग्रीनहॅम कॉमनवरची क्रूझ क्षेपणास्त्रे तिथेच मोडली का?

नाही. इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यातल्या या तळावर अमेरिकेची ९६ क्रूझ क्षेपणास्त्रे होती. हिशेब सोपा आहे. एका तुकडीकडे चार प्रक्षेपक वाहने आणि प्रत्येक वाहनावर चार क्षेपणास्त्रे, म्हणजे १६. अशा सहा तुकड्या. पहिली क्षेपणास्त्रे नोव्हेंबर १९८३ मध्ये आली, शेवटची ५ मार्च १९९१ रोजी विमानाने परत गेली.

मोडतोड कुठे करायची, त्या जागा करारासोबतच्या दस्तऐवजात नोंदलेल्या होत्या. क्रूझसाठी अ‍ॅरिझोनातला डेव्हिस-मॉन्थन हवाई तळ, पर्शिंग या दुसऱ्या अमेरिकी क्षेपणास्त्राच्या मोटर्ससाठी (घन इंधन भरलेल्या रॉकेट-टप्प्यांसाठी) टेक्सासमधला लाँगहॉर्न दारूगोळा कारखाना आणि कोलोरॅडोतले प्वेब्लो. पर्शिंगचे प्रक्षेपक मात्र पश्चिम जर्मनीतच, फ्रँकफर्टजवळच्या हाउझेन इथे कापले गेले. क्षेपणास्त्र एका जागेवरून दुसरीकडे नेले की प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत समोरच्या पक्षाला कळवावे लागे. वाटेत एखादे ‘हरवले’ असे म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. अपघाताने नष्ट झाले तरी ४८ तासांतच कळवायचे.

‘कापले’ म्हणजे नेमके काय कापले? पुन्हा जोडता येणार नाही याची खात्री कशी?

सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच आहे. क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे छोटे, बिनवैमानिकाचे जेट विमान. त्यासाठीचे नियम असे होते. आधी पुढच्या भागातून अणुस्फोटक आणि दिशादर्शनाची यंत्रणा काढून घ्यायची. मग धडाचे लांबीच्या दिशेने उभे दोन भाग करायचे. पंख आणि शेपटी वेगळी करायची, पण कारखान्यात जिथे जोडलेली असतात त्या सांध्यावर नव्हे, दुसऱ्याच ठिकाणी छेद घ्यायचा. उरलेला रिकामा पुढचा भाग चिरडायचा, सपाट करायचा किंवा स्फोटाने उडवायचा.

सांध्याच्या अटीवर एवढा भर का? सांध्यावर सुटा केलेला भाग बोल्ट लावून पुन्हा बसवता येतो. ती मोडणी नव्हे, साठवणीसाठी भाग सुटे करणे झाले. भलत्याच ठिकाणी कापलेल्या पत्र्याला वेल्डिंग करता येईल, पण ध्वनीच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वस्तूचा तोल आणि ताकद त्यातून परत येत नाही. शिवाय धड आडवे कापले तर एक भाग बदलून दुसरा लावता येतो. उभे चिरले की इंधनटाकीपासून इंजिनापर्यंत सगळेच निकामी होते.

प्रक्षेपकांनाही हेच तत्त्व लागू होते. क्षेपणास्त्र उभे करणारी यंत्रणा गाडीवरून उतरवायची, तिचे भाग सांधे सोडून दोन तुकड्यांत कापायचे, गाडीवरची तिची बैठक आणि गाडी समतल ठेवणारे आधारही कापायचे. एसएस-२० या सोव्हिएत क्षेपणास्त्राच्या गाडीच्या चासीचा मागच्या आसामागचा निदान ०.७८ मीटरचा भाग कापून टाकायचा, असे मोजमापासह लिहिले होते. उरलेली गाडी दुसऱ्या कामाला वापरायला मोकळीक होती. प्रशिक्षणासाठीची क्षेपणास्त्रे आणि प्रक्षेपकही यातून सुटले नाहीत.

पर्शिंगमध्ये घन इंधन होते. ते धोक्याचे नाही का?

आहे, आणि त्याची किंमत करार होण्याआधीच मोजली गेली होती. ११ जानेवारी १९८५ रोजी पश्चिम जर्मनीत हाइलब्रॉनजवळच्या वाल्डहाइडे तळावर पर्शिंग-२ च्या पहिल्या टप्प्याची मोटर पेटीतून बाहेर काढताना पेटली. तीन अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. कोणी कळ दाबली नव्हती. हवा थंड आणि कोरडी होती, मोटरचे कवच केव्हलर या मजबूत कृत्रिम धाग्याचे होते. अशा कवचावर घर्षणाने स्थिर वीज साठते आणि धातूसारखी ती सहज निघून जात नाही. ती इंधनातून उतरली आणि मोटर पेटली. त्यानंतर मोटर हाताळण्याचे आणि भूसंपर्काचे (अर्थिंगचे) नियम कडक झाले. परतीच्या वेळी याच मोटर्स पुन्हा उचलायच्या, पेटीत ठेवायच्या आणि दूर न्यायच्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ‘नुसते उचलून नेले’ असे म्हणता येत नाही.

लाँगहॉर्नमध्ये प्रत्येक टप्पा मजबूत चौकटीत घट्ट आवळून पेटवत. पकड ढिली असेल तर मोटर उडून जाईल, कारण जळताना ती पूर्ण जोर लावतेच. सुमारे मिनिटभरात इंधन संपते. मग उरलेले रिकामे कवच यंत्राखाली चिरडत. कराराने स्फोटाचीही मुभा दिली होती, पण आमच्या मते तपासणीच्या दृष्टीने जाळणे उजवे: स्फोटात तुकडे विखुरतात, जाळल्यावर कवच निरीक्षकासमोर अखंड उरते आणि चिरडलेले डोळ्यांनी दिसते. दोष आहे तो धुराचा. अमोनियम परक्लोरेटचे इंधन जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. वारा पाहिल्याशिवाय हे काम करू नये.

पहिले पर्शिंग लाँगहॉर्नमध्ये सप्टेंबर १९८८ मध्ये नष्ट झाले, शेवटचे ६ मे १९९१ रोजी.

सोव्हिएत संघाने काही क्षेपणास्त्रे डागून संपवली, असे ऐकले. ही पळवाट नव्हती का?

पळवाट ठरू नये म्हणून अटी होत्या. मध्यम पल्ल्याची जास्तीत जास्त १००, तीही पहिल्या सहा महिन्यांत, आणि एका वेळी एकच. दोन उड्डाणांत किमान सहा तासांचे अंतर. दुसऱ्या शस्त्रासाठी लक्ष्य म्हणून त्यांचा वापर करायचा नव्हता. अशी उड्डाणे सायबेरियातल्या चिता आणि कान्स्क इथून झाली.

मग अणुबॉम्बही नष्ट झाले ना?

या करारात नाही. करार फक्त वाहकांचा होता. वॉरहेड (टोकातले अणुस्फोटक) आणि दिशादर्शक यंत्रणा काढून मालक देशाने ठेवायची, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पर्शिंग-२ चे डब्ल्यू-८५ वॉरहेड पुढे बी-६१ विमानबॉम्बच्या दहाव्या आवृत्तीत वापरले गेले. हे वाचून अनेकांची निराशा होते आणि ती रास्त आहे. तरीही काही मिनिटांत सोव्हिएत संघाचा पश्चिम भाग किंवा पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन गाठणारे वाहनच राहिले नाही, म्हणजे संकटाच्या वेळी विचार करायला मिळणारा अवधी वाढला. ही मिळकत आम्हाला मोठी वाटते.

सोव्हिएत निरीक्षक ब्रिटनच्या जमिनीवर कोणत्या हक्काने आले?

११ डिसेंबर १९८७ रोजी ब्रुसेल्समध्ये अमेरिकेने ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्याशी वेगळा करार केला. त्याने हा हक्क मिळाला.

अचानक तपासणीची पद्धत कडक होती. निरीक्षक आधी ठरलेल्या विमानतळावर उतरत, आणि कोणता तळ पाहायचा हे तिथे पोहोचल्यावर सांगत. नाव सांगितल्यापासून तासाभरात त्या तळावरून क्षेपणास्त्रे व प्रक्षेपक बाहेर नेणे बंद होई आणि नऊ तासांच्या आत पथकाला तिथे पोहोचवावे लागे. पथकात फार तर दहा जण. वर्षाला अशा २० तपासण्या पहिली तीन वर्षे, पुढची पाच वर्षे १५ आणि शेवटची पाच वर्षे १०.

मोडणीच्या वेळी निरीक्षक हजर असतच. क्षेपणास्त्र मोजून, नोंदलेल्या लांबी-व्यासाशी ताडून पाहायचे, काम संपेपर्यंत थांबायचे आणि दोन्ही बाजूंनी अहवालावर सही करायची.

बंद नळीत एसएस-२० आहे की दुसरे काही, हे न उघडता कसे कळायचे?

अडचण खरीच होती. एसएस-२० च्या काही जुन्या तळांवर एसएस-२५ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र आले. ते कराराबाहेरचे होते, आणि दोन्ही गाड्यांवरच्या नळीत असत. त्यावर न्यूट्रॉन मोजण्याचा मार्ग निघाला: एसएस-२० वर तीन वॉरहेड, एसएस-२५ वर एकच. नळीबाहेर ठरावीक जागी न्यूट्रॉनची मोजणी केली की दोन्हींचा नमुना वेगळा येतो. सोव्हिएत संघातल्या वॉटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या दारावर तर अमेरिकी निरीक्षक कायमचे मुक्कामाला होते. तिथे कार्गोस्कॅन नावाचे क्ष-किरण यंत्र बसवले होते. त्याच धर्तीवर सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटातल्या मॅग्ना इथल्या कारखान्यापाशी राहिले.

शेवटी एकूण आकडा किती?

अमेरिकेची ८४६: क्रूझ ४४३, पर्शिंग-२ ची २३४, पर्शिंग-१ए ची १६९. सोव्हिएत संघाची १,८४६, त्यात एसएस-२० ची ६५४ आणि एसएस-१२ ची ७१८. दोन्ही मिळून २,६९२.

एखादे क्षेपणास्त्र आज पाहायला मिळेल का?

मिळेल. प्रदर्शनासाठी प्रत्येक पक्षाला १५ क्षेपणास्त्रे निकामी करून ठेवता येत होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात पर्शिंग-२ आणि एसएस-२० ही दोन्ही आहेत. ग्रीनहॅममध्ये क्षेपणास्त्र नाही, पण त्यांच्या गाड्या ठेवायची सहा मातीने झाकलेली काँक्रीटची कोठारे उभी आहेत आणि त्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे.